सोयाबीननंतरचा गहू : नांगर किती, काडी किती?

पाचट-काडीचा विषय निघाला की चर्चा पंजाबातून सुरू होते. तिथे भात हार्वेस्टरने कापतात, उभे काड रानातच राहते आणि गहू पेरायला जेमतेम पंधरा-वीस दिवस उरतात. उभ्या काडातच गहू पेरणारे हॅपी सीडरसारखे यंत्र त्या अडचणीतून आले. नांदेड-लातूरकडे बहुतेक सोयाबीन विळ्याने कापले जाते, बनीम लागते, मळणीयंत्र येते. पाने काढणीपूर्वीच गळून रानात पडलेली असतात आणि भुसा बांधावर साचतो. म्हणजे पेरणीच्या वाटेत आपल्याकडे काडी येतच नाही. तरीही अनेक जण तो भुसा पेटवून देतात आणि मोकळ्या रानात नांगर घालतात.

“राख म्हणजे खतच, अन् कीडही मरते.” हा समज सर्वांत महागात पडतो. आगीत सेंद्रिय कर्ब आणि जवळजवळ सगळे नत्र हवेत जाते, गंधकही बरेचसे उडते. मागे राहते ते मुख्यतः पालाश, आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सहसा तेच पुरेसे असते! कीड मरते म्हणावे, तर हुमणीची अळी जमिनीत असते. बांधावरच्या आगीचा तिला चटकाही बसत नाही.

“खोल नांगरल्याशिवाय गहू येत नाही.” काळी जमीन ओलीने फुगते, वाळताना भेगाळते, आणि बरीचशी स्वतःच मोकळी होते. त्यात खरिपाआधी तिची मशागत झालेलीच असते. ऑक्टोबरच्या उन्हात ती पुन्हा उलथली की उरलीसुरली ओल जाते आणि ढेकळे निघतात. ती फोडायला रोटाव्हेटर, आणि पेरणीआधी ओलवणीला आणखी एक पाणी. या खटाटोपात तारीख हुकते. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. दाणा भरताना ऊन वाढते आणि तो चिमतो. स्वच्छ रानात वखराच्या दोन पाळ्या बहुधा पुरतात. हराळी-कुंदा माजला असेल तर नांगरट हवीच, पण ती उन्हाळ्यात. रोटाव्हेटर दरवर्षी त्याच खोलीवर फिरवला की खाली घट्ट थर बसतो, हेही लक्षात घ्यावे.

“काडी कुजताना गव्हाचे नत्र खाते” यात अर्धे सत्य आहे. गव्हाच्या काडात नत्राच्या साधारण ऐंशीपट कर्ब असतो. ते कुजवणारे जिवाणू काही काळ जमिनीतले नत्र वापरतात, म्हणून पेरणीच्या तोंडावर ते गाडू नये. उसाच्या पाचटाचेही तसेच. सोयाबीनचा पाला मात्र लवकर कुजतो. भुशावर पहिला हक्क जनावरांचा. उरलेला कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा किंवा पेरणीनंतर पातळ पसरावा. पाटपाण्यावर तो वाहून एका टोकाला गोळा होतो, तेव्हा पसरायचा असेल तर तुषार सिंचन हवे. आच्छादनाने बाष्पीभवन घटते. गव्हाला भारी जमिनीत पाच-सहा पाणी लागतात आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला पिण्याचे पाणीही मिरजेहून रेल्वेने आले होते. तिथे ओल राखणे ही हौस नव्हे.

उलट टोकाचा गैरसमजही आहे: शून्य मशागत म्हणजे नांगर सोडला की झाले. बी पाच-सहा सेंटिमीटरवर नेमके पाडणारे पेरणीयंत्र हवे, तणाचा बंदोबस्त आधी हवा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची विनानांगरणीची एसआरटी पद्धत महाराष्ट्रात गाजली, पण ती मूळची कोकणातल्या भाताची. काळ्या रानात ती जशीच्या तशी उचलू नये. पहिल्याच वर्षी उतारा वाढेल अशी आशाही नको. आधी वाचते ते डिझेल आणि दिवस.

सगळ्या रानावर एकदम प्रयोग नको. दहा गुंठे विनानांगरणी पेरा, शेजारी नेहमीसारखे पेरा, दोन्हींचा खर्च आणि उतारा वहीत लिहा. आणि यंदा बांधावरचा भुसा तेवढा पेटवू नका.