एकच खोली, आई आणि बाळ



आज आपण बोलणार आहोत बाळंतपणाच्या खोलीबद्दल. पुष्कळ दवाखान्यांत कळा एका खोलीत, बाळंतपण दुसऱ्या खोलीत आणि नंतरची खाट तिसऱ्याच वॉर्डात असते. दर वेळी सिस्टर नवी. या हलवाहलवीत बाळ कधी आजीच्या हातात, तर आई अजून टेबलावरच.

काही ठिकाणी मात्र कळा, बाळंतपण आणि नंतरची विश्रांती असं सगळं एकाच खोलीत होतं. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रुग्णालयात अशी सोय केल्यावर आयांना विचारलं गेलं. एका खोलीत राहिलेल्या आया अधिक समाधानी होत्या. आपल्या सरकारच्या २०१७ सालच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही कळा, बाळंतपण आणि त्यानंतरचे काही तास एकाच खाटेवर, ही कल्पना आहे.

यात खरा फायदा आहे पहिल्या तासाचा. ओलं बाळ लगेच गार पडतं. पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं घातलं, की ते उबदार राहतं आणि स्वतःच दूध शोधू लागतं. चिकाचं दूध त्याला आजारांपासून जपतं. बाळ चोखू लागलं की आईची गर्भपिशवी आकसते, रक्तस्राव कमी व्हायला मदत होते. एका तासात दोघांचंही भलं!

पण दार बंद करून बाळंतिणीला एकटं सोडू नये. जास्त रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवशी सर्वात मोठा. घडी भराभर भिजू लागली, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच सिस्टरला हाक मारा. बाळ फार लहान किंवा आजारी असेल, तर त्याला नवजात कक्षात न्यावंच लागतं. तिथे अडवू नका.

वेगळी खोली प्रत्येकीला मिळेलच असं नाही. तरी काही गोष्टी साध्या वॉर्डातही मागता येतात. सातव्या महिन्यातच आशाताईंना सोबत घेऊन सिस्टरना विचारा: सोबत कोण थांबू शकेल? बाळ लगेच छातीवर देणार ना? वजन, तपासणी माझ्या खाटेजवळ होईल का? सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक बाई थांबू शकते, ही परवानगी केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. आडोसा नीट असेल, तर नवऱ्यालाही थांबता येतं.

आणि घरच्या मंडळींनो, बाळ बघायची घाई आपल्या सगळ्यांनाच असते. पण पहिला तास त्या दोघांचा. तेवढा त्यांना देऊ या.