जुन्या तेलसाठ्याखालील भूजलाचे निरीक्षण केव्हा थांबवावे? : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा तलावांसाठी आणि धानासाठी ओळखला जातो. येथील अनेक गावांची तहान आजही विहिरी व हातपंप भागवितात. पेट्रोल, डिझेल वा रॉकेल जेथे दीर्घकाळ साठविले गेले, तेथील टाक्या काढून घेतल्या तरी जमिनीत झिरपलेले तेल मागे राहू शकते. अशा ठिकाणी काही वर्षे भूजलाची तपासणी करावी लागते. परंतु ती कायम चालू ठेवणेही शक्य नसते. तपासणी कोणत्या पुराव्यावर थांबवावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दूषणाचे स्वरूप :
तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलाच्या पातळीवर तरंगते. त्यातील बेंझिन, टोल्युइन यांसारखे घटक पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाच्या दिशेने दूषित पाण्याचा पट्टा तयार होतो. बेंझिन कर्करोगकारक असून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम सुचविली आहे. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात भूमिगत तेलवाहिनीच्या गळतीमुळे रहिवाशांच्या बोअरवेलमध्ये तेल आले आणि हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. भूमिगत गळती अनेकदा प्रथम सामान्य माणसाच्या घागरीतच उघड होते, हे यावरून दिसते.

अन्यत्रचा अनुभव :
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. सफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर तेल जमिनीत राहिले. १९८३ पासून तेथे अभ्यास सुरू आहे. मातीतील सूक्ष्मजीव तेलाचे विघटन करतात व दूषित पट्ट्याची वाढ रोखतात, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. मात्र स्थिर वाटणारा पट्टा, सूक्ष्मजीवांना उपयोगी पडणारे गाळातील लोह संपत गेल्यावर, पुन्हा हळूहळू पुढे सरकल्याचेही आढळले. कॅलिफोर्निया राज्याने २०१२ मध्ये भूमिगत टाक्यांची कमी धोक्याची प्रकरणे बंद करण्याचे धोरण स्वीकारले. त्यात गळती थांबलेली असणे, तरंगते तेल शक्य तेवढे काढलेले असणे, पट्टा स्थिर वा आक्रसणारा असणे आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरी पुरेशा दूर असणे, यांवर भर आहे.

गोंदियातील वेगळेपण :
हे निकष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पहिले कारण पावसाचे. जिल्ह्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि भूजलपातळी काही मीटर वर चढते. तेव्हा तरंगते तेल मातीच्या पोकळ्यांत पाण्याखाली अडकते व विहिरीत दिसेनासे होते. मे महिन्यात पातळी खाली गेली की ते पुन्हा प्रकट होते. उलट काही ठिकाणी चढलेले पाणी अडकलेल्या तेलाला भिडल्याने पावसाळ्यानंतर विरघळलेल्या घटकांचे प्रमाण वाढते. म्हणून केवळ ऑक्टोबरचा स्वच्छ अहवाल पुरेसा नाही. सलग काही वर्षांच्या मे व ऑक्टोबर अशा दोन्ही नोंदी हव्यात.

दुसरे कारण खडकाचे. जिल्ह्याचा मोठा भाग कठीण खडकाचा आहे. वरच्या मुरमातून पाणी सावकाश झिरपते, पण खालच्या भेगांतून ते अनपेक्षित दिशेने जाऊ शकते. त्यामुळे ठराविक अंतराचा नियम पुरत नाही. आसपासच्या पिण्याच्या विहिरी प्रत्यक्ष तपासाव्या लागतात. तिसरे म्हणजे, विघटनाची खूण मानले जाणारे विरघळलेले लोह येथील लोहयुक्त मातीमुळे मुळातही असू शकते, तर धानाच्या खतातील नायट्रेट मोजमाप बिघडवू शकते. तुलनेसाठी प्रवाहाच्या वरच्या बाजूस एक अदूषित विहीर असणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

कायदा आणि नोंद :
जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावयाचा असून राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची आहे. परंतु स्थळ केव्हापर्यंत सुरक्षित करावे, याची अंतिम मुदत त्यांत नाही. अशा वेळी स्थानिक नोंदीचे महत्त्व वाढते. निरीक्षण संपल्यावर निरीक्षण विहिरी सिमेंट वा बेंटोनाइटने तळापासून बुजविल्या पाहिजेत. अन्यथा त्याच दूषणाला खाली नेणाऱ्या वाटा बनतात. जागेचा नकाशा, उरलेल्या तेलाची माहिती आणि शेवटचे अहवाल ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत ठेवले पाहिजेत, कारण पुढे तेथे घर बांधणारा व बोअरवेल खोदणारा माणूस वेगळाच असतो.

समारोप :
निरीक्षण थांबविणे म्हणजे जागा निर्दोष ठरविणे नव्हे. उरलेले दूषण पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचणार नाही, एवढीच त्यात दिलेली ग्वाही असते. ही ग्वाही उन्हाळ्याच्या नोंदीवाचून आणि शेजारच्या विहिरीच्या तपासणीवाचून दिली गेल्यास तिची किंमत त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबालाच मोजावी लागेल.