बियाण्यामुळे की पाण्यामुळे? कपाशीच्या आकड्यांबद्दलचे चार गैरसमज

लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात कोरडवाहू कपाशी पेरणाऱ्यासाठी ‘उतारा नेमका कशामुळे वाढला?’ हा पुस्तकी प्रश्न नाही. उत्तर चुकलं, तर हंगामाचा पैसा चुकीच्या जागी जातो.

गैरसमज 1 : बीटी आलं आणि उत्पादन वाढलं, म्हणजे ते बीटीमुळेच वाढलं.

वस्तुस्थिती : बोंडअळीचं नुकसान रोखणाऱ्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा देशाची सरासरी हेक्टरी 300 किलो रुईच्या आसपास होती. 2007-08 मध्ये ती 550 किलोंच्या घरात गेली. पण याच काळात खतांचा वापर वाढला, नवी कीटकनाशकं आली, गुजरातेत ओलित वाढलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 2020 मध्ये दाखवून दिलं, की उत्पादनाने मोठी झेप घेतली तेव्हा बीटीखालचं क्षेत्र अजून थोडंच होतं.

गैरसमज 2 : सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून असे आकडे निरुपयोगी.

वस्तुस्थिती : कोणतं बियाणं पेरायचं हे संशोधक नव्हे, शेतकरी ठरवतो. ज्याच्याकडे विहीर आणि हाताशी पैसा, तो नवं बियाणं आधी घेतो. मग श्रेय बियाण्याचं की विहिरीचं? यासाठी ओलिताच्या शेताची तुलना ओलिताच्याच शेताशी करायची, कोरडवाहूची कोरडवाहूशी. फरक मावळला, तर तो पाण्याचा होता; टिकला, तर बियाण्याचा हात असण्याची शक्यता वाढते. हेच सांख्यिकीय नियंत्रण.

संशोधक जोनास काथागे आणि मतीन कैम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांची 2002 ते 2008 या काळातली माहिती वापरली. त्याच शेतकऱ्याची वेगवेगळी वर्षं ताडून पाहिली, की त्याचं कसब किंवा जमिनीचा पोत यांसारखे सहसा न बदलणारे फरक आपोआप वजा होतात. तरीही बीटीमुळे एकरी उत्पादन 24 टक्के आणि कपाशीचा नफा 50 टक्के वाढल्याचं त्यांना आढळलं. देशाची सरासरी कशाने वाढली आणि एका शेतात काय फरक पडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गैरसमज 3 : जितके जास्त घटक नियंत्रित करू, तितकं उत्तर पक्कं.

वस्तुस्थिती : बीटीचं कामच बोंडअळीचं नुकसान रोखण्याचं. अळीचं नुकसान सारखं असलेलीच शेतं तुलनेला घेतली, तर बीटीचा खरा फायदाही हिशेबातून गायब होईल. बियाणं निवडण्याआधीपासून असलेले फरक वगळायचे. बियाण्याचा परिणाम ज्या वाटेने घडतो, ती वाट बंद करायची नाही.

गैरसमज 4 : नियंत्रण केलं, म्हणजे कारण सिद्ध झालं.

वस्तुस्थिती : जे मोजलं, त्यावरच नियंत्रण ठेवता येतं. नवं बियाणं शेतकऱ्याने आपल्या सर्वांत कसदार तुकड्यात पेरलं आणि ती नोंदच नसेल, तर हिशेब तिथे चुकतो. शिवाय निष्कर्षालाही काळाची मर्यादा असते. बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये विदर्भातल्या कपाशीचं मोठं नुकसान केलं. 2008 पर्यंतचे आकडे त्या हंगामाची हमी देऊ शकत नव्हते.

म्हणून कृषी केंद्रात कुणी विक्रमी उताऱ्याचा दाखला दिला, तर आधी विचारावं : ते शेत ओलिताचं होतं का? जमीन कशी होती, खत किती दिलं? तशाच शेतात दुसऱ्या बियाण्याने किती पिकलं? आणि हे कोणत्या वर्षी? ही उत्तरं मिळाल्याशिवाय बियाण्यावर पैसा लावू नये.