आधी पाइपलाइन, मग इमारत

पुण्याच्या धायरीत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाण्याची लाइन मागून आली. काही ठिकाणी ती अजून येतेच आहे. २०१७ साली गाव महापालिकेत गेलं, खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर आहे, तरी उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर दिसतोच. प्रयोगशाळेत माणसाचे अवयव वाढवू पाहणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. फरक इतकाच, की त्यांना टँकरही मागवता येत नाही.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असते. रक्तातला ऑक्सिजन झिरपत जातो तो साधारण तेवढाच. त्यापलीकडची पेशी गुदमरते. त्यामुळे यकृताचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बशीत वाढवायला घेतला, तर कडेच्या पेशी तगतात आणि गाभा मरतो. ऊती अभियांत्रिकीला आजवर ठळक यश कुठे आलं ते पाहिलं की हे लक्षात येतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मूळपेशींपासून वाढवलेला थर भाजलेल्या डोळ्यांच्या पारपटलावर बसवतात. पारपटलात रक्तवाहिन्या नसतातच. सांध्याच्या कूर्चेतही नसतात. प्रयोगशाळेतली त्वचा पातळ असते, खालच्या जखमेतून तिचं भागतं. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचं घोडं मात्र रक्तपुरवठ्यापाशी अडलेलं आहे.

रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. या एंडोथेलियल पेशी रक्ताला गोठू देत नाहीत, काय आत सोडायचं आणि काय बाहेर हे ठरवतात आणि गरज पडली की नवा फाटा फोडतात. सर्वांत बारीक केशवाहिनीत तर या अस्तराखेरीज फारसं काही नसतंच. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक जाफे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या या पेशी बशीत वाढवण्याची खात्रीची रीत दिली. कच्चा माल होता बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ. नाळेतली शीर धुवायची, तिच्यात कोलॅजिनेज हे विकर भरायचं, दोन्ही टोकं चिमट्याने बंद करायची आणि काही मिनिटांनी आतलं पाणी बाहेर काढायचं. अस्तर सुटून त्या पाण्यात येतं. आजही जगभर हेच करतात. पण या पेशी काही पिढ्यांनंतर थकतात आणि प्रत्येक नाळ वेगळ्या बाळाची असते. रुग्णाच्या स्वतःच्या, हव्या तितक्या पेशी हव्या असतील, तर मूळपेशींकडे वळावं लागतं.

त्यांना वळण कसं लावायचं, हे गर्भाकडूनच शिकावं लागलं, अनेकदा कोंबडीच्या गर्भाकडून. सिंहगड रस्त्याने शहरात येताना वेंकटेश्वर हॅचरीजचं मोठं कार्यालय लागतं. पण पुण्याचा कोंबडीच्या अंड्याशी संबंध धंद्यापुरता नाही. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर वर्षानुवर्षं काम केलं. उबवणीतलं तीन दिवसांचं अंडं हलक्या हाताने फोडलं, तर पिवळ्या बलकावर तांबड्या रेषांचं जाळं पसरलेलं असतं आणि मधोमध एक ठिपका धडधडत असतो. पिल्लाला अजून पंखही नाहीत, रक्ताभिसरण मात्र सुरू झालेलं असतं. निसर्ग पाइपलाइन आधी टाकतो. हे जाळं सुरू होतं मधल्या गर्भस्तरातल्या इवल्या पेशीपुंजांपासून. त्यांच्या आतल्या पेशींचं रक्त होतं, कडेच्या पेशींचं अस्तर.

अस्तराच्या पेशींना हाक मारणाऱ्या मुख्य रेणूचं नाव व्हीईजीएफ. ऑक्सिजन कमी पडलेली पेशी तो सोडते आणि जवळच्या वाहिनीतून फाटा तिच्या दिशेने वाढू लागतो. कर्करोगाची गाठही हीच हाक मारून स्वतःची सोय करून घेते. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी या रेणूचा मागोवा हायड्रामध्ये घेतला. हायड्रा हा तळ्यातला काही मिलिमीटरचा जीव. त्याला ना रक्त, ना रक्तवाहिन्या. तरी व्हीईजीएफ आहे आणि तुटलेलं डोकं पुन्हा उगवताना तो कामाला येतो. वाहिन्या उत्क्रांतीत फार उशिरा आल्या आणि त्यांनी जुनीच हाक उचलली, असं यावरून दिसतं. मला स्वतःला या सगळ्या विषयात यापेक्षा मजेदार काही सापडलेलं नाही.

आता कृती. शिन्या यामानाका यांनी २००७ साली माणसाच्या त्वचेतल्या पेशींना उलट्या पावली मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. या आयपीएस पेशींना आधी दोन रेणू देऊन मधल्या गर्भस्तराच्या वाटेला लावायचं आणि मग व्हीईजीएफ व फोर्स्कोलिन हे रसायन द्यायचं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत हे सहा दिवसांत होतं. गुलाबी द्रवातल्या पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटतात. मऊ जेलवर टाकल्या, तर काही तासांत हात पुढे करून नळ्यांचं जाळं विणतात. २०१९ साली योसेफ पेनिंगर यांच्या गटाने अशा पेशींपासून रक्तवाहिन्यांचे इवले गोळे वाढवले आणि ते उंदरात बसवल्यावर त्यांतून उंदराचं रक्त वाहू लागलं.

म्हणजे पेशींचा प्रश्न बराचसा सुटला आहे; अडलंय ते पुढे. या पेशी कोवळ्या असतात, धमनीच्या की शिरेच्या हे त्यांचं नीट ठरलेलं नसतं. बाहेरून आधार देणाऱ्या पेशी सोबत नसतील, तर विणलेलं जाळं विरून जातं. वाहत्या रक्ताचा रेटा बसला, की खऱ्या अस्तरातल्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात. बशीत तो रेटा पंपाने द्यावा लागतो. शिवाय एखादी न बदललेली आयपीएस पेशी मागे राहिली, तर ट्यूमरची भीती.

मूळपेशींच्या उपचारांच्या जाहिरातींमध्ये यातलं काही नसतं. ‘स्टेम सेलने नवीन रक्तवाहिन्या’ असं वाचलं की औषध नियंत्रकाची मान्यता कोणत्या आजारासाठी आहे, हे विचारावं. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या उत्पादनाला २०१६ साली बर्गर आजारासाठी मर्यादित मान्यता मिळाली. विडी-सिगारेटमुळे पायाच्या वाहिन्या बुजून गँगरीनपर्यंत जाणारा हा आजार. पण त्यात दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी असतात. त्या स्वतः वाहिनी बनण्यापेक्षा मुख्यतः आसपासच्या वाहिन्यांना वाढीचे संकेत देतात.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ह्युमासाइट कंपनीच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तवाहिनीला मान्यता मिळाली, तीही अपघातात किंवा युद्धात हातापायाची धमनी फाटलेल्यांसाठी. गंमत म्हणजे ती मूळपेशींपासून बनत नाही आणि बसवताना तिच्यात एकही जिवंत पेशी नसते. दात्यांच्या पेशींनी विणलेली भिंत तेवढी ठेवतात आणि पेशी धुऊन काढतात. तिचा व्यास ६ मिलिमीटर. इतक्या रुंद नळीत रक्ताचा वेग निभावून नेतो. बायपासमध्ये लागणारी नळी ३-४ मिलिमीटरची, आणि तेवढ्या अरुंद कृत्रिम नळीत रक्त लवकर गोठतं. तिथे आतून जिवंत अस्तर लागणार. सध्या शल्यविशारद त्यासाठी रुग्णाच्याच पायातली शीर किंवा छातीतली धमनी वापरतात.