थिबा पॅलेसच्या फाटकाबाहेर

रत्नागिरीला आलेल्या पाहुण्याला गावकरी तीन ठिकाणं हमखास दाखवतात. रत्नदुर्ग, लोकमान्यांचं जन्मस्थान आणि थिबा पॅलेस. पहिल्या दोन ठिकाणी काय पाहायचं ते पाहुण्याला आधीच माहीत असतं. पॅलेसपाशी मात्र तो गोंधळतो. हा राजा इथला नव्हे, त्याने इथे राज्यही केलं नाही, आणि ज्या वास्तूला त्याचं नाव आहे तिच्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. फलक वाचून, दालनांतून फिरून आणि पुढच्या आवारात फोटो काढून माणसं अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडतात. या घराण्याची खरी रत्नागिरी त्या फाटकाच्या बाहेर सुरू होते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा. त्याचे वडील राजा मिंडोन 1878 मध्ये वारले आणि विशीतला हा मुलगा मंडालेच्या गादीवर आला. तो कसा आला आणि गादी टिकवण्यासाठी पुढच्याच वर्षी किती भाऊबंदांची कत्तल झाली, ती हकीकत भीषण आहे. त्या कारस्थानाला राणी सुपयालतचं आणि तिच्या आईचं डोकं होतं, असं मानलं जातं. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेवर चाल केली आणि पंधरवड्यात राज्य संपलं. राजा, राणी, धाकटी राणी सुपयागले आणि दोन लहान राजकन्या यांना आगबोटीने इरावतीतून खाली रंगूनला आणि तिथून मद्रासला नेण्यात आलं. 1 जानेवारी 1886 रोजी ब्रह्मदेश इंग्रजी साम्राज्यात सामील झाल्याचं जाहीर झालं. एप्रिलमध्ये हा सारा लवाजमा रत्नागिरीच्या बंदरात उतरला.

रत्नागिरीच का? आज कोकण रेल्वेने येणाऱ्याला याचं उत्तर चटकन सुचणार नाही. त्या काळी इथे यायचं तर मुंबईहून बोट, बोटीतून पडाव आणि पडावातून किनारा. पाऊस सुरू झाला की समुद्र बंद. मागे सह्याद्री आणि घाटातून बैलगाडीची वाट. पळून जाणं अवघड आणि भेटायला येणं त्याहून अवघड. ज्याला कोंडल्यासारखं दिसू न देता कोंडायचं आहे, त्याच्यासाठी सरकारला याहून सोयीचं गाव मिळालं नसतं. पुढे 1924 पासून 1937 पर्यंत सावरकरांना स्थानबद्ध ठेवण्यासाठीही सरकारने हेच गाव निवडलं. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवणाऱ्या सरकारचा हिशेब इथेही तोच होता: राजाला त्याच्या माणसांपासून समुद्रापलीकडे न्यायचं. या अदलाबदलीतला सगळ्यात टोकाचा योग रत्नागिरीच्या वाट्याला आला. याच गावात जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा तेव्हा टिळकांच्या गावात होता.

पॅलेस बांधून होईपर्यंत जवळपास चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांत राहिलं. त्यातला आउट्रम हॉल अधिक प्रसिद्ध. पोलीस पहारा, खर्चाला सरकारी नेमणूक, आणि बाहेर जायचं तर परवानगी. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीतला राजा दुर्बिणीतून खाडीत येणारीजाणारी गलबतं पाहत बसतो. ते कादंबरीतलं चित्र झालं, पण कागदोपत्री दिसणारा थिबाही फार वेगळा नाही. नेमणूक पुरत नाही म्हणून अर्ज, जप्त झालेल्या माणकांबद्दल अर्ज, नव्या घरासाठी अर्ज. माणिक-मोती एकेक करून विकले जात होते. तिसरी राजकन्या मद्रासच्या मुक्कामात 1886 मध्ये झाली होती, चौथी रत्नागिरीत 1887 मध्ये झाली. चौघींपैकी दोघींनी ब्रह्मदेश पाहिलेलाच नव्हता, आणि थोरल्या दोघींनाही त्याची आठवण असण्याचं वय नव्हतं. त्यांना आसपास दिसणारी माणसं म्हणजे गडीमाणसं, पहारेकरी आणि अधूनमधून येणारे साहेब. मराठी त्या गड्यांकडून शिकल्या. चार मुली लग्नाच्या वयाच्या झाल्या आणि ते वय उलटूनही गेलं. राजघराण्यातल्या मुलीला राजघराण्यातलाच वर हवा, आणि तो रत्नागिरीत मिळणार कुठून?

1910 च्या अखेरीस कुटुंब नव्या राजवाड्यात राहायला गेलं. वास्तू तीन मजली, लालसर रंगाची, उतरत्या छपरांची. कोकणातल्या पावसाचा विचार तिच्या पाखांत दिसतो आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांवरच्या नक्षीत ब्रह्मदेशाची आठवण. आतलं संगमरवरी फरशीचं मोठं दालन नृत्याचं दालन म्हणून दाखवतात. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. ती थिबाने बरोबर आणल्याचं सांगतात. स्वातंत्र्यानंतर काही काळ इथे सरकारी तंत्रनिकेतन भरत असे. आता वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून आत संग्रहालय आहे. मोठमोठी वर्णनं वाचून येणाऱ्यांना राजवाडा साधा वाटतो, आणि ते बरोबरच आहे. कैद्यासाठी सरकारने बांधलेलं ते घर आहे, फक्त कैदी राजा होता म्हणून त्याला मजले तीन आहेत. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचा समुद्र दिसतो. संध्याकाळी गर्दी तिथे जास्त असते.

या घरात राहायला आलेल्यांत एक लहान मुलगी होती. तिचं नाव टूटू. तिची आई थिबाची थोरली मुलगी म्हणजे पहिली राजकन्या, आणि वडील गोपाळ भाऊराव सावंत. गोपाळ राजाच्या दारावरचा दरवान, मराठा गडी. घरी बायको होती. पंचविशीतली राजकन्या त्याच्यापासून गरोदर राहिली आणि 1906 च्या सुमारास टूटू जन्माला आली. ज्या राणीपुढे मंडालेत माणसं गुडघ्यांवर सरकत येत, तिची थोरली लेक दरवानाच्या मुलीची आई झाली. राजवाड्याचा संताप आणि साहेबांची तारांबळ, दोन्ही कल्पनेने समजण्यासारखी आहेत. मला त्यात राजकन्येची बाजू महत्त्वाची वाटते. बाहेरच्या जगातली जी मोजकी माणसं तिला दिसत होती, त्यांतल्याच एकावर तिचा जीव जडला. तिने तो लपवला नाही, मुलीलाही टाकलं नाही आणि पुढे सारं आयुष्य त्या निवडीपाशी काढलं. बाकी घराण्याने गमावलेलं परत मागण्यात वर्षं घालवली. तिला जे मिळालं ते तिने धरून ठेवलं.

दुसऱ्या राजकन्येनेही स्वतःचं ठरवलं. राजाच्या सेवेत असलेल्या खिन माँग जी या ब्रह्मी तरुणाशी तिला लग्न करायचं होतं. आईवडिलांना तो बरोबरीचा वाटेना. 1916 च्या अखेरीस ती घर सोडून गेली आणि परतली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबरच्या मध्यावर, थिबा हृदयविकाराने गेला. मुलीच्या जाण्याची हाय खाऊन बाप गेला असं लोक म्हणत आले आहेत. तीस वर्षांच्या या कैदेचा दोष मुलीच्या माथी मारणं सोपं, पण अन्यायाचं. धाकटी राणी सुपयागले 1912 मध्येच वारली होती. राजाचा देह मायदेशी न्यावा असा सुपयालतचा आग्रह होता, सरकारने तो मानला नाही. अखेर 1919 मध्ये दोघांच्या शवपेट्या रत्नागिरीतच बांधलेल्या समाधीत ठेवण्यात आल्या. राजवाडा पाहणाऱ्या दहांपैकी एखादाच या समाधीकडे वळत असेल.

त्याच वर्षी कुटुंबाला ब्रह्मदेशी परतायची परवानगी मिळाली. मंडालेला नाही, रंगूनला. पुढे या घराण्याच्या फांद्या वेगवेगळ्या दिशांना गेल्या. सुपयालत 1925 मध्ये रंगूनला वारली, तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे. दुसरी राजकन्या नवऱ्याबरोबर दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँगला स्थायिक झाली आणि 1956 मध्ये तिथेच गेली. तिसरी ब्रह्मदेशात राहिली. रत्नागिरीत जन्मलेली चौथी सगळ्यांत तडफदार निघाली. बापाचं काय काय घेतलं त्याचा जाब ती सरकारकडे मागत राहिली, तेव्हा सरकारने तिला रंगूनहून मौलमीनला हलवलं. 1936 मध्ये ती तिथेच वारली. तिच्या मुलांमुळे घराण्याचं नाव ब्रह्मदेशात चालू राहिलं. त्यांतले राजपुत्र तॉ पाया 2019 पर्यंत हयात होते.

पहिली राजकन्या रंगूनला गेली ती टूटूला घेऊन, आणि थोड्याच काळात मुलीसह रत्नागिरीला परत आली. हा परतीचा प्रवास मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते. 1886 मध्ये तिला इथे आणलं होतं, या खेपेला ती आपण होऊन आली. गोपाळ सावंतांच्या आसऱ्याला ती राहिली, सरकारकडून मिळणारी पेन्शन होती, पण राजवाडा नव्हता. टिळकआळीपासून मांडवीपर्यंत गाव बदलत होतं. सावरकर आले, 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, सहभोजनं झाली. या सगळ्यात मंडालेच्या राजाची थोरली लेक गरिबीकडे सरकत गेली. ती वारली 1947 मध्ये. तिकडे ब्रह्मदेश स्वतंत्र व्हायला तेव्हा काही महिने उरले होते.

टूटूच्या हाती राजघराण्याचं म्हणावं असं फारसं काही लागलं नाही. तिचं लग्न शंकर पवार यांच्याशी झालं होतं. ते मोटारीची कामं करणारे. संसार मोठा, पोरंबाळं बरीच, आणि त्यातही तिने पोरकी मुलं वाढवली असं गाव सांगतं. तिने कागदी फुलं करून विकली, गोवऱ्या थापून विकल्या. ती बोलायची मराठी, नेसायची लुगडं, देव्हाऱ्यात देव इथलेच. बर्मी भाषा तिला येत नव्हती. वर्तमानपत्रवाले आणि परदेशी पाहुणे अधूनमधून शोधत यायचे, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवण व्हायची की ही थिबाची नात. एरवी ती पवारांची आजी होती. 2000 साली ऑक्टोबरमध्ये ती गेली. तिची मुलं, नातवंडं आणि पतवंडं पवार आडनावाने राहतात, नोकऱ्या-धंदे करतात, गणपतीला आरत्या म्हणतात. राजाच्या वंशजांनी रिक्षा चालवावी, गॅरेजात काम करावं याचं पत्रकारांना फार अप्रूप. त्यात शोकांतिका शोधायची सवय आपल्याला जडली आहे. टूटूच्या बाबतीत गरिबी खरी होती आणि ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण परक्या देशातून धरून आणलेल्या घराण्यातली एक फांदी या मातीत रुजली, हेही तितकंच खरं. रंगूनला गेलेल्या बहिणींना ते तिथे जमलं की नाही, याचा निवाडा ब्रह्मदेशातल्या लोकांनी करावा.

अलीकडे या नात्याची दखल घेतली जाऊ लागली आहे. सुधा शाह यांनी राजघराण्याच्या या वनवासावर ‘द किंग इन एक्झाइल’ हा ग्रंथ लिहिला, तो 2012 मध्ये आला. सरकारी कागद, पत्रं आणि वंशजांच्या आठवणी यांची त्यात नीट सांगड आहे, आणि चार मुलींकडे त्यात राजाइतकंच लक्ष आहे. त्याच वर्षी डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. 2016 मध्ये थिबाच्या मृत्यूला 100 वर्षं झाली, तेव्हा म्यानमारमधले वंशज आणि तिथले बडे पदाधिकारी समाधीवर आले. भिक्षूंचे मंत्र झाले. मंडालेकडचे आणि रत्नागिरीचे नातेवाईक शेजारी उभे राहिले. बोलायला दुभाषी लागला. राजवाड्याच्या आवारात दर जानेवारीत गाण्याचा महोत्सव होतो, त्याला गाव लोटतं. थिबाचं नाव रस्त्याला आहे, पॉइंटला आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे.

टूटूचं नाव कुठेही नाही. संग्रहालयात राजाची मांडणी असणं योग्यच आहे. पण त्या घराच्या भिंतीवर थोरल्या राजकन्येची, गोपाळ सावंतांची आणि टूटूची हकीकत सांगणारा एक स्वच्छ मराठी फलक लावायला पुरातत्त्व विभागाला फारसा खर्च येणार नाही. त्यात लाजण्यासारखंही काही उरलेलं नाही. लाज वाटणारी माणसं जाऊन शतक उलटलं. तोवर रत्नागिरीला येणाऱ्यांनी एवढं करावं: वेळा विचारून घेऊन आधी राजवाडा पाहावा, मग थिबा आणि सुपयागलेच्या समाधीची वाट धरावी, आणि टूटूच्या वंशजांच्या दारात कॅमेरा घेऊन मात्र जाऊ नये. ती माणसं रत्नागिरीकर आहेत.