संगणक अडकला, तरी घाई नको

विंडोज १० या संगणक प्रणालीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि घराघरांतून, शाळांतून, धर्मग्रामांच्या कार्यालयांतून विंडोज ११ घेण्याची लगबग सुरू झाली. अनेकांचे काम सुरळीत पार पडले. काहींचे मध्येच अडकले. आमच्या कार्यालयातील संगणकाचेही तसेच झाले. पडद्यावरील टक्केवारीचा आकडा पुढे सरकेना आणि नंतर तर पडदाच काळा पडला. जुन्या नोंदवह्यांवरून कित्येक वर्षे टंकलिखित केलेली माहिती त्या एकाच यंत्रात होती. तिची दुसरी प्रत आम्ही काढली नव्हती; हा दोष सर्वस्वी आमचाच.

‘‘फॉर्मॅट करून टाकू या,’’ असे आम्ही म्हणालोही. परंतु मदतीला आलेल्या धर्मग्रामातील तरुणाने आम्हांला थांबवले. ‘‘फादर, घाई नको. आधी फाईली बाहेर काढू, मग काय ते बघू.’’ त्याच्या या सल्ल्याने आमची माहिती वाचली. त्या दिवशी जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे देत आहोत.

आत काय घडत असते?

प्रणाली बदलण्याचे काम चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात जुनी प्रणाली चालू असतानाच यंत्राची तपासणी होते व नव्या फाईली उतरवल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि जुन्या प्रणालीच्या जागी नवी मांडली जाते. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांत नवी प्रणाली प्रथमच सुरू होऊन ड्रायव्हर बसवते आणि आपल्या फाईली व सेटिंग स्वीकारते. जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही. ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. वाटेत अडथळा आला तर संगणक बहुधा आपणहून जुन्या स्थितीत परत येतो. काम पूर्ण झाल्यावरही पहिल्या १० दिवसांत सेटिंगमधील ‘रिकव्हरी’ या भागातून मागे जाता येते.

तात्पर्य, प्रणाली बसली नाही म्हणजे माहिती गेली, असे नव्हे. माहिती जाते ती बहुधा त्यानंतर घाईने केलेल्या फॉर्मॅटमुळे.

पडदा काळा पडल्यास

प्रथम वाट पाहावी. जुन्या हार्ड डिस्कवर या कामाला काही तास लागू शकतात. संगणकावरील डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. बराच वेळ काहीच हालचाल नसेल, तरच पॉवरचे बटण सुमारे १० सेकंद दाबून संगणक बंद करावा. सलग दोनदा तो सुरू होऊ शकला नाही, तर पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तेथे ‘ट्रबलशूट’ व नंतर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे. ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी करून पाहावे. त्याने भागले नाही तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून नवे ‘फीचर अपडेट’ काढता येते.

त्याच ठिकाणी ‘रिसेट धिस पीसी’ हा पर्यायही दिसतो. त्यातील ‘कीप माय फाईल्स’ने वैयक्तिक फाईली राहतात, पण स्वतंत्रपणे बसवलेली सॉफ्टवेअर जातात, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ने सारेच पुसले जाते. माहितीची प्रत हाती येईपर्यंत या दोहोंनाही हात लावू नये.

आधी माहिती, मग दुरुस्ती

प्रत काढण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. एक, उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, ती न बसवता केवळ ‘ट्राय’ पर्यायाने संगणक सुरू करावा व फाईली बाह्य डिस्कवर घ्याव्यात. दोन, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. आम्ही पहिला मार्ग धरला. मात्र डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आजच लिहून ठेवावी.

मराठी लेखन करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. युनिकोडपूर्वी ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फॉन्ट नसला की अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसतो. पुष्कळजण ती फाईल बिघडली असे समजून पुसून टाकतात. वस्तुतः फॉन्ट परत बसवताच मजकूर पूर्ववत दिसतो. म्हणून फाईलींबरोबर फॉन्टचीही प्रत घ्यावी व ते सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

कारण शोधावे

काम फसल्यावर पडद्यावर येणारा संकेतांक टिपून ठेवावा. त्यात ‘८००७००७०’ असेल तर डिस्कवर जागा अपुरी आहे. ‘सी१९००१०१’ असेल तर बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा दोष असतो. त्या वेळी प्रिंटर, पेन ड्राइव्ह इत्यादी सर्व काढून केवळ कीबोर्ड, माऊस व पडदा जोडलेला ठेवावा, बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस तात्पुरता काढावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. आमच्याकडे डिस्क काठोकाठ भरली होती. जुन्या फाईली हलवून जागा केल्यावर दुसऱ्या प्रयत्नात काम झाले.

प्रत्येक संगणक विंडोज ११ साठी पात्र नसतो, हेही ध्यानात घ्यावे. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. प्रोसेसरही मान्य यादीतील लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत साधनाने ही पात्रता तपासता येते.

आता आमच्या नोंदींच्या तीन प्रती आहेत: एक संगणकात, एक बाह्य डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत. वाचकांनीही प्रणाली बदलण्याचे बटण दाबण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. संगणक नवा विकत घेता येतो. वर्षानुवर्षांचे श्रम आणि कुटुंबाची छायाचित्रे मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.