पोकर चिप संच

पोकर चिप म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळात पणाला लावलेल्या रकमेऐवजी वापरली जाणारी गोल चकती होय. तिचा व्यास सामान्यतः ३९ मिलिमीटर असतो. घरगुती खेळासाठी संच घेताना, चकती जितकी जड तितकी ती अस्सल, असा समज हमखास आढळतो. तो खरा नाही. अमेरिकेतील कॅसिनोंच्या मातीमिश्रित चकत्या साधारण ८ ते १० ग्रॅमच भरतात. बाजारातील ११.५ ग्रॅम वा अधिक वजनाच्या चकत्या बहुधा प्लॅस्टिकच्या असून भार वाढवण्यासाठी त्यांच्या पोटात धातूचा तुकडा बसवलेला असतो.

वजनापेक्षा संख्येला अधिक महत्त्व आहे. प्रत्येक खेळाडूस सुमारे ५० चकत्या धरल्यास सहा जणांना ३०० चा संच पुरतो. आठ-दहा जण असल्यास ५०० चा घ्यावा. त्यात लहान मूल्याच्या चकत्या भरपूर हव्यात, अन्यथा दर डावाला सुट्ट्यांसाठी खोळंबा होतो.

अमेरिकेत पांढरी १, लाल ५, हिरवी २५ व काळी १०० डॉलरची, असा संकेत रूढ आहे. मूल्य न छापलेल्या चकत्यांना हवे ते मूल्य देता येते, म्हणून लहान रकमांच्या खेळास त्याच सोयीच्या. मात्र रंग ठळक वेगळे असावेत. रात्रीच्या दिव्यात गडद निळी व काळी चकती ओळखण्यात गफलत होते आणि वाद तिथूनच सुरू होतात.